रिपोर्ट निगेटिव्ह, पण सॅम्पल कसं ठेवलं होतं? विषाणू-चाचणीत या चुका टाळा

विषाणू-चाचणीचा रिपोर्ट पटला नाही की सगळ्यांची नजर आधी मशीनकडे जाते, मग किटकडे. सॅम्पल घेतल्यापासून मशीनमध्ये जाईपर्यंत ते कुठे होतं, किती तापमानाला होतं, किती वेळ होतं, हे फार कमी लोक विचारतात. बिघडलेलं सॅम्पल स्वतः काही सांगत नाही. त्याचा रिपोर्ट खऱ्या निगेटिव्ह रिपोर्टसारखाच छापून येतो आणि रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. म्हणून साठवणुकीकडे मी चाचणीचाच भाग म्हणून बघतो, चाचणीआधीची हमाली म्हणून नाही.

फटका कुणाला बसतो, ते आधी पाहू. पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकीय द्रव्याच्या प्रती वाढवून विषाणू शोधणाऱ्या चाचणीत, दर सायकलला हे द्रव्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे विषाणूच्या प्रमाणात दहापट फरक पडला की सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसायला किती सायकली लागल्या तो आकडा; जास्त सीटी म्हणजे कमी विषाणू) सुमारे ३.३ ने बदलते. समजा, निष्काळजी साठवणुकीत ९० टक्के आरएनए (अनेक विषाणूंचं जनुकीय द्रव्य) नष्ट झाला. ज्याची सीटी २० आली असती त्याची २३.३ येईल. तो पॉझिटिव्हच राहील आणि कुणाच्या काही लक्षातही येणार नाही. पण ज्याची ३६ आली असती तो ३९ च्या पुढे सरकेल आणि बऱ्याच किटच्या मर्यादेबाहेर किंवा अगदी काठावर जाईल. संसर्ग नुकताच सुरू झालेला किंवा ओसरत आलेला रुग्ण, स्वॅब नीट न घेतलेला रुग्ण, कमी विषाणू असलेलं लहान बाळ, ही सगळी माणसं याच काठावर असतात. म्हणून ‘आमच्याकडे बाहेर राहिलेली सॅम्पलंसुद्धा पॉझिटिव्ह येतात, काही होत नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही. ती मुळात भरपूर विषाणू असलेली सॅम्पलं असतात.

‘इंटर्नल कंट्रोल आला, म्हणजे सॅम्पल चांगलं’

हा गैरसमज मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो अनुभवी लोकांमध्येही आढळतो. श्वसनमार्गाच्या अनेक पीसीआर चाचण्यांमध्ये माणसाचं आरएनेज-पी जनुक इंटर्नल कंट्रोल, म्हणजे चाचणी नीट चालल्याची खूण, म्हणून वापरतात. ते दिसलं म्हणजे स्वॅबवर मानवी पेशी आल्या होत्या, एवढं नक्की कळतं. पण काही चाचण्यांमधले प्रायमर (जनुक हेरणारे छोटे तुकडे) पेशींतला डीएनएसुद्धा पकडतात आणि डीएनए हा आरएनएपेक्षा कितीतरी चिवट असतो. विषाणूचा आरएनए विरून गेला तरी पेशींच्या डीएनएवर कंट्रोलचा आलेख छान वर जाऊ शकतो. दुसऱ्या प्रकारचा कंट्रोल प्रयोगशाळेत एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे सॅम्पलमधून जनुकीय द्रव्य वेगळं काढण्याच्या, वेळी बाहेरून घालतात. तो त्यानंतरच्या टप्प्यांबद्दल सांगतो, आधीच्या प्रवासाबद्दल काहीच नाही. मधल्या प्रवासावर खरी नजर ठेवतात ती तापमानाची नोंद आणि वेळेची नोंद.

फ्रीज की फ्रीझर?

श्वसनमार्गाच्या स्वॅबसाठी सर्वसाधारण नियम सोपा आहे: ७२ तासांच्या आत चाचणी होणार असेल तर २ ते ८ अंश सेल्सियस, त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० किंवा त्याखाली. चूक होते ती या दोहोंच्या मधे. चाचणी उद्याच आहे, तरी ‘जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित’ असं समजून सॅम्पल साध्या उणे २० च्या फ्रीझरमध्ये टाकलं जातं. तिथे ते सावकाश गोठतं, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि आवरण असलेल्या विषाणूंचं आवरण फाटतं. आत सुरक्षित असलेला आरएनए उघडा पडतो, आणि लाळेत, पेशींत, जिवाणूंत असलेली आरएनेज विकरं वितळताना त्याचे तुकडे करतात. विषाणू कल्चर करायचा, म्हणजे प्रयोगशाळेत जिवंत वाढवायचा, असेल तर नुकसान आणखी मोठं. आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) आणि सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूंच्या बाबतीत उणे २० ला ठेवलेलं सॅम्पल कल्चरच्या दृष्टीने जवळजवळ वाया गेलेलं असतं.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर सॅम्पलसाठी वापरूच नका. बर्फ साचू नये म्हणून तो ठरावीक वेळाने आतून गरम होतो, म्हणजे तुमच्या नकळत सॅम्पल पुन्हा पुन्हा अर्धवट वितळून गोठत राहतं. फ्रीजमध्येही दाराच्या कप्प्यात ट्यूब ठेवू नका, दार उघडलं की सगळ्यात आधी तोच कप्पा तापतो. किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर किंवा डेटा लॉगर आत हवाच. दिवसातून एकदा बघितलेला आकडा रात्री वीज गेल्याचं सांगत नाही.

पुन्हा चाचणी लागेल अशी शंका असेल तर गोठवण्यापूर्वीच सॅम्पलचे दोन-तीन छोटे भाग वेगळ्या ट्यूबमध्ये करून ठेवा. एकच ट्यूब दर वेळी वितळवून परत गोठवली, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीत तुम्ही आधीच खराब झालेला माल तपासत असता. मग ‘आधी पॉझिटिव्ह होता, आता निगेटिव्ह कसा?’ याचं उत्तर रुग्णात शोधलं जातं.

रक्त: इथे चूक उलटीही जाते

व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजण्यासाठी, रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घ्या. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआरला अडवतं आणि गोठवल्याने ते निघून जात नाही. प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळा करायची मुदत किटनुसार बदलते. एचआयव्हीच्या काही किटना ६ तास चालतात, काहींना २४, त्यामुळे पाठ केलेल्या आकड्यावर न विसंबता हातातल्या किटचं माहितीपत्रक बघा.

आता सॅम्पल पाठवायचा थंड डबा प्रत्यक्ष भरताना काय होतं ते पाहा. कडक गोठलेला जेल पॅक फ्रीझरमधून काढला, थेट डब्यात ठेवला आणि त्याला चिकटून रक्ताची ट्यूब उभी केली. पॅकला टेकलेल्या बाजूचं रक्त गोठतं, तांबड्या पेशी फुटतात, आणि ट्यूब उघडेपर्यंत प्लाझ्मा फिकट पिवळ्याऐवजी चेरीसारखा लाल झालेला असतो. फुटलेल्या पेशींतलं हीमोग्लोबिनही पीसीआरमध्ये अडथळा आणतं. जेल पॅक थोडा वेळ बाहेर ठेवा, त्याच्यावर दव येऊ द्या, आणि पॅक व ट्यूब यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा फोम घाला. पूर्ण रक्त कधीही गोठवायचं नाही.

आणि उलटी चूक: पेशी आणि प्लाझ्मा वेगळे ठेवणारं जेल असलेल्या प्लाझ्मा ट्यूब सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून), प्लाझ्मा दुसऱ्या ट्यूबमध्ये न काढता, तशाच गोठवल्या तर एचआयव्हीचा व्हायरल लोड खोटा वाढलेला येऊ शकतो, कारण पेशींमधलं विषाणूचं जनुकीय द्रव्य प्लाझ्मात मिसळतं. जागतिक आरोग्य संघटना १००० कॉपी प्रति मिली हा आकडा उपचार निष्फळ ठरत असल्याचा उंबरठा धरते. गोळ्या न चुकवता घेणाऱ्या माणसाला केवळ ट्यूब तशीच गोठवल्यामुळे ‘तुम्ही औषध नीट घेत नाही’ असं ऐकावं लागणं, हा मोठा अन्याय आहे.

रक्ताचे वाळवलेले थेंब कार्डावर पाठवत असाल तर कार्ड किमान ४ तास सावलीत, आडवं आणि मोकळं वाळू द्या. उन्हात नको, ड्रायरने नको. ओलसर कार्ड पिशवीत बंद झालं की आत बुरशी धरते. पिशवीत ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड घाला. त्याचा रंग बदललेला दिसला तर पुड्या बदला.

स्वॅब, व्हीटीएम आणि अँटिजेन किट

लाकडी काडीचे आणि कॅल्शियम अल्जिनेटचे स्वॅब नकोत. त्यांतले घटक काही विषाणू निष्क्रिय करतात आणि पीसीआरमध्ये अडथळा आणतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, प्लास्टिकच्या काडीचा स्वॅब घ्या.

बऱ्याच व्हीटीएममध्ये (स्वॅब ज्या द्रवात बुडवून पाठवतात तो) फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा रंग असतो, त्यामुळे ट्यूब हातात घेतली की आधी रंग बघा. पिवळी पडली असेल तर आम्लता वाढली आहे, बहुधा जिवाणू वाढले आहेत. गढूळ दिसली तर वापरायच्या आधीच बाजूला काढा. व्हीटीएममधली प्रतिजैविकं जिवाणू-बुरशी रोखतात, आरएनए टिकवण्याची हमी देत नाहीत, म्हणून ‘व्हीटीएममध्ये आहे, बाहेर राहिलं तरी चालेल’ हे गृहीत धरू नका. कोविडच्या काळात सार्स-कोव्ह-२ चा आरएनए अपेक्षेपेक्षा बरा टिकतो असं अनेक प्रयोगांत दिसलं, पण ते निष्कर्ष दुसऱ्या विषाणूला परस्पर लावता येत नाहीत.

कोरड्या स्वॅबसाठी बनवलेल्या अँटिजेन किटवर व्हीटीएमचे थेंब टाकू नका. २-३ मिली द्रवात अँटिजेन पातळ होतं आणि कमजोर रेघ दिसेनाशी होते. किट फ्रीजमधून काढलं असेल तर पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड पट्टीवर दव साचलं की चाचणी सुरू होण्याआधीच पट्टी ओली होते.

सॅम्पल ठेवायचं ग्वानिडीन हे रसायन असलेलं माध्यम विषाणू निष्क्रिय करतं आणि आरएनए चांगला राखतं. मात्र ते सॅम्पल कल्चरला किंवा अँटिजेन चाचणीला चालत नाही. त्याहून महत्त्वाचं, सांडलेलं असं माध्यम ब्लीचने कधीही पुसू नका. ग्वानिडीन थायोसायनेट आणि ब्लीच एकत्र आले की विषारी सायनाइड वायू तयार होतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०२० मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला होता.

पाठवणी

ड्राय आइस उणे ७८.५ अंशाला थेट वायू होतो. डबा हवाबंद केला तर दाबाने फुटू शकतो, म्हणून वायूला वाट हवी. पण ट्यूबचं झाकण मात्र घट्ट हवं, कारण कार्बन डायऑक्साइड सैल झाकणातून आत शिरला की द्रव आम्लधर्मी होतो. पोलिओच्या तपासणीसाठी पाठवलेली शौचाची सॅम्पलं तर संपूर्ण वाट थंड राहून, पाठवल्यापासून ७२ तासांत पोचावी लागतात. प्रयोगशाळेत डबा उघडताना आत बर्फ शिल्लक आहे का, हे तिथे मुद्दाम नोंदवतात. ही सवय बाकीच्या सॅम्पलनाही लावण्यासारखी आहे.

गडबड झाल्याचं कसं ओळखायचं?

एका रिपोर्टवरून कळत नाही, पण केंद्रवार आकडे मांडले की कळतं. एकाच केंद्राची सॅम्पलं सातत्याने जास्त सीटीची येत आहेत का? सोमवारी तपासलेल्या, म्हणजे सुट्टीत पडून राहिलेल्या सॅम्पलमध्ये पॉझिटिव्ह कमी निघतात का? शंका आली तर कमी विषाणू असलेलं ज्ञात पॉझिटिव्ह सॅम्पल दोन भागांत करा. एक भाग योग्य तापमानाला ठेवा, दुसरा नेहमीच्या पद्धतीने त्याच फ्रीजमध्ये, त्याच डब्यात तितकाच वेळ ठेवा, आणि दोन्ही एकाच वेळी तपासा. भरपूर विषाणू असलेलं सॅम्पल यासाठी घेऊ नका, ते फरक झाकून टाकतं.

शीतसाखळी तुटलेलं सॅम्पल आलं तर ते गुपचूप फेकू नका आणि गुपचूप तपासूही नका. पाठवणाऱ्याला फोन करा, नवं सॅम्पल मागा. मणक्यातलं पाणी किंवा बायोप्सी असेल, जे पुन्हा मिळणं कठीण, तर तपासा, पण रिपोर्टवर साठवणुकीतली त्रुटी लिहा. गुणात्मक (फक्त ‘आहे की नाही’ सांगणाऱ्या) चाचणीत असं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं तर सहसा ग्राह्य धरता येतं. निगेटिव्ह आलं तर ‘विषाणू आढळला नाही’ एवढ्यावर थांबू नका. सॅम्पल घेतल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि पोचतानाचं तापमान त्याच पानावर द्या, म्हणजे पुन्हा चाचणी करायची की नाही हे डॉक्टरांना ठरवता येईल.