मेट्रोच्या रुळांवर पडलात तर

पडल्यावर पहिली धडपड असते ती आल्या जागीच वर चढायची. फलाट साधारण छातीइतका उंच असतो, धरायला काही नसतं आणि घाबरलेल्या हातांत जोर राहत नाही. गाडी दिसत नसेल आणि वरून कुणी भक्कमपणे ओढत असेल, तरच चढा. एक-दोनदा जमलं नाही तर तो नाद सोडा.

आधी विजेचा रूळ ओळखा. अनेक मेट्रोंमध्ये गाडीची चाकं ज्यांवर धावतात त्या दोन रुळांच्या बाजूला तिसरा रूळ असतो, त्यात ६०० ते ७५० व्होल्टची वीज असते आणि तो बहुधा फलाटापासून लांबच्या बाजूला असतो. त्यावरचं आच्छादन पायरी म्हणून वापरू नका.

गाडी येताना दिसली तर तिच्याकडे पाठ करून, फलाटालगत पळा. गाडी स्थानकात थांबण्यासाठी वेग कमी करतच येते, म्हणून तिच्या थांबण्याच्या जागेपलीकडे पोहोचणं ही सर्वांत चांगली संधी. फलाटाच्या टोकाला बऱ्याचदा शिडी किंवा पायऱ्या असतात. तेवढा वेळच नसेल तर फलाटाच्या कडेखाली पोकळी आहे का बघा. असेल तर आत अंग चोरून घ्या. रुळांमधल्या खोल चरात सपाट पडून राहणं हा अगदी शेवटचा उपाय. २००७ मध्ये न्यूयॉर्कला दोघे असे वाचले, पण प्रत्येक स्थानकात तेवढी खोली नसते.

वर उभे असाल तर कृपा करून खाली उडी मारू नका. आपत्कालीन बटण दाबा, कर्मचाऱ्यांना ओरडून सांगा, गाडी येणाऱ्या टोकाकडे धावत चालकाला दोन्ही हात हलवून दाखवा. आणि मोबाइल खाली पडला तर तो कर्मचारीच काढून देतील.