मेकअपच्या आधीचा अर्धा तास: त्वचेवर काय लावायचं, किती आणि कुठे थांबायचं

फाउंडेशन नाकाच्या कडेला फाटलं, दोन तासांत कपाळ तुकतुकायला लागलं किंवा डोळ्यांखाली कन्सीलरच्या रेघा उमटल्या, की खापर फाउंडेशनवर फुटतं आणि नवी बाटली घरात येते. चार दिवसांनी तिचंही तेच रडगाणं सुरू होतं. बहुतेक वेळा गडबड खालच्या थरात झालेली असते. त्वचा कोरडी राहिलेली असते, नाहीतर क्रीम जास्त झालेलं असतं, नाहीतर एक थर मुरायच्या आत त्यावर दुसरा चढवलेला असतो. हे तिसरं कारण फार वेळा आढळतं, आणि ते टाळायला पैसे लागत नाहीत. घड्याळाकडे बघावं लागतं, एवढंच.

आधी त्वचा ओळखा

चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपा आणि काहीही न लावता ३० मिनिटं थांबा. बोलताना-हसताना गाल ओढल्यासारखे वाटले तर त्वचा कोरडी. टिश्यू पेपर दाबून बघितल्यावर सगळीकडे तेलाचे डाग उमटले तर तेलकट, आणि फक्त कपाळ, नाक, हनुवटी एवढ्याच भागात उमटले तर मिश्र.

एक चौथा प्रकार हमखास नजरेतून सुटतो: वरून तेल दिसतं, पण आतून चेहरा ओढतो. ही त्वचा तेलकट आहे खरी, पण तिच्यात पाणी कमी आहे. अशी माणसं तेलाला घाबरून मॉइश्चरायझर गाळतात आणि थेट मॅट फाउंडेशन लावतात. मग कोरड्या ठिपक्यांवर रंग गोळा होतो, बाकी ठिकाणी तेलाने घसरतो. त्यांनी क्रीम सोडण्याऐवजी जेल प्रकारचं हलकं मॉइश्चरायझर घ्यावं.

आदल्या दिवसांतली कामं

आयब्रो, वॅक्सिंग, ब्लीच ही कामं निदान २-३ दिवस आधी उरका. केस उपटल्यावर छिद्रांभोवतीची त्वचा लालसर आणि उघडी असते. त्यावर मेकअप बसला की आग होते, पुळ्याही येतात. रात्री रेटिनॉल (व्हिटॅमिन एचा एक प्रकार, त्वचेचे पापुद्रे लवकर बदलायला लावणारा) लावत असाल तर चेहऱ्याच्या वॅक्सिंगआधी आठवडाभर ते बंद ठेवा, नाहीतर मेणाच्या पट्टीबरोबर त्वचेचा वरचा पापुद्राही सोलून निघू शकतो. नवं फेशियल कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करून बघण्याचं धाडस करूच नका.

मृत त्वचा काढायची असेल तर आदल्या रात्री काढा. नाजूक त्वचा असेल तर दोन रात्री आधी. खरखरीत स्क्रबपेक्षा लॅक्टिक ॲसिडचं सौम्य द्रावण बरं, आणि तेलकट, मुरुमांच्या त्वचेला सॅलिसिलिक ॲसिड. आठवड्यातून एक-दोनदा पुरे. त्या रात्री रेटिनॉल नको. मेकअपच्या दिवशी सकाळी घासाघाशी केली तर चेहरा तेवढ्यापुरता गुळगुळीत लागतो, पण चुरचुरतो, आणि चुरचुरणाऱ्या त्वचेवर फाउंडेशन डागडागांनी बसतं.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यापासून लांब ठेवा. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा (७ पेक्षा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ४.५ ते ५.५ असतो. लिंबाचा रस २ च्या आसपास म्हणजे फारच आम्ल, तर सोडा ८ च्या पुढे. दोन्ही त्वचेचं वरचं संरक्षण बिघडवतात.

मुरूम आला असेल तर फोडू नका. न फोडलेला उंचवटा कन्सीलरने बऱ्यापैकी झाकला जातो. फोडलेली ओली जखम कशानेच झाकली जात नाही, रंग तिच्यावरून सरकत राहतो. फुटलाच तर रात्रभर हायड्रोकोलॉइडची पट्टी (जखमेतला ओलावा शोषून घेणारी चिकट पट्टी) चिकटवा. नवं कुठलंही उत्पादन आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास बघा.

चेहरा धुणं

केस धुणं, वाळवणं, कुरळे करणं आधी आटपा. ड्रायरच्या गरम हवेने कपाळावर घाम येतो आणि त्याखाली लावलेलं सगळं पातळ होतं.

हात धुवा. कोमट पाणी घ्या. गरम पाणी त्वचेचं स्वतःचं तेल ओढून नेतं. अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० असतो, त्यामुळे धुतल्यावर चेहरा करकरीत वाटतो. तो करकरीतपणा स्वच्छतेची खूण नव्हे, कोरडेपणाची सुरुवात आहे. सौम्य फेसवॉश बोटांनी ३० ते ६० सेकंद फिरवा. नाकपुड्यांच्या खाचा, हनुवटीची खालची बाजू आणि केसांची कड इथे हमखास घाई होते, आणि फाउंडेशन फाटतंही तिथेच. त्वचा कोरडी असेल आणि रात्री चेहरा नीट धुतलेला असेल तर सकाळी नुसत्या पाण्यानेही भागतं.

स्वच्छ टॉवेलने टिपा, पुसू नका. चेहरा पूर्ण सुकवू नका. किंचित दमट राहू द्या. डोळे सुजलेले असतील तर बर्फ कापडात गुंडाळून मिनिटभर फिरवा. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज थोडा वेळ उतरते. बर्फाने रोमछिद्रं कायमची बंद होतात ही मात्र भाबडी समजूत आहे. बर्फ थेट त्वचेवर धरू नका.

पाणी आत, मग त्यावर झाकण

टोनर ऐच्छिक आहे. अल्कोहोलचा झणझणीत टोनर असेल तर न वापरलेलाच बरा. सीरम लावायचं तर एकच: ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक ॲसिडचं, २-३ थेंब, चेहरा दमट असतानाच. हे घटक पाणी धरून ठेवतात. त्यांच्यावर मॉइश्चरायझर नसेल तर कोरड्या हवेत ते पाणी उडून जातं आणि चेहरा आधीपेक्षा जास्त ओढतो. व्हिटॅमिन सीचं चिकट सीरम, चेहऱ्याचं तेल, जाड नाइट क्रीम हे मेकअपच्या दिवशी कपाटातच राहू दे.

मॉइश्चरायझरचं प्रमाण असं: तेलकट त्वचेला वाटाण्याएवढं जेल, कोरड्या त्वचेला दोन वाटाण्यांएवढं क्रीम, आणि मिश्र त्वचेला गालांवर नेहमीएवढं, नाक-कपाळावर बोटांना उरलेलं तेवढंच. गाल, कपाळ, हनुवटीवर ठिपके द्या, मधून बाहेर पसरवा आणि शेवटी तळव्यांनी हलकेच दाबा. मानेला विसरू नका. मान कोरडी राहिली की जबड्याच्या रेषेवर मेकअप संपल्याची कड दिसते.

आता ५ मिनिटं काहीही लावू नका. खरंच काहीही नाही.

सनस्क्रीन: इथेच बहुतेकांचा बेस बिघडतो

दिवसा बाहेर पडायचं असेल तर सनस्क्रीन हवंच, निदान एसपीएफ (उन्हापासून संरक्षण किती ते सांगणारा आकडा) ३०. बाटलीवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. चेहरा आणि मानेसाठी याचा सोपा हिशेब म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर काढलेल्या दोन रेघा. ‘माझ्या फाउंडेशनमध्येच एसपीएफ आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण एवढ्या जाडीने फाउंडेशन कोणीच लावत नाही.

हे प्रमाण एकदम थापलं तर वर फाउंडेशन घसरतं. म्हणून दोन खेपा करा: आधी एका बोटाची रेघ पसरवा, २-३ मिनिटांनी दुसरी. चोळू नका, दाबत पसरवा. मग १०-१५ मिनिटं थांबा. त्या वेळात केस विंचरा, दागिने काढून ठेवा, नखं बघा. वाळायच्या आत ब्रश फिरवला तर सनस्क्रीनचा सलग थर तुटतो. मग धड संरक्षणही नाही आणि धड बेसही नाही. सनस्क्रीन फाउंडेशनमध्ये कालवण्याची युक्ती याच कारणाने वाईट.

संध्याकाळी घरातला कार्यक्रम आणि फ्लॅशचे फोटो असतील तर सनस्क्रीन गाळा. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतात आणि फोटोत चेहरा पांढुरका येतो.

क्रीमच्या वळकट्या का निघतात

फाउंडेशन फिरवताना गालावरून खोडरबराच्या कणांसारख्या बारीक पांढऱ्या वळकट्या सुटतात, यालाच पिलिंग म्हणतात. मृत त्वचा निघतेय असं वाटून लोक आणखी घासतात आणि प्रकरण वाढतं. त्या वळकट्या बहुतेक करून क्रीम, सनस्क्रीन किंवा प्रायमरच्या (फाउंडेशनच्या आधी लावायचा, त्वचा सपाट दिसावी म्हणून असलेला थर) असतात. ही उत्पादनं वाळताना त्वचेवर पातळ पापुद्रा धरतात. खालचा थर ओला असताना वरून घर्षण झालं की तो पापुद्रा त्वचेला न धरता गुंडाळला जातो. उत्पादनं जितकी जास्त, तितकी ही शक्यता जास्त. चार-पाच थरांची हौस असेल तर ती रात्री भागवा.

दुसरं कारण जोडी न जमण्याचं. प्रायमरच्या घटकांच्या यादीत वरच्या तीन-चार नावांत डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेनसारखं नाव असेल तर तो सिलिकोनचा. त्यावर अगदी पातळ, पाण्यासारखं फाउंडेशन बरेचदा थेंबाथेंबाने तुटतं. सिलिकोनवर सिलिकोन, पाण्यावर पाणी हा ढोबळ नियम धरा. पण यादीवर भिस्त ठेवण्यापेक्षा एक दिवस आधी जबड्याच्या कडेला तुमचे सगळे थर त्याच क्रमाने, तेवढाच वेळ थांबून लावून बघा. तासाभरात कळतं.

वळकट्या निघाल्याच तर वरून पावडर मारून त्या दबत नाहीत. कापसाचा बोळा मायसेलर पाण्यात (मेकअप पुसायचं सौम्य पाणी) भिजवून तेवढाच भाग पुसा, पाण्याचा हात फिरवून टिपा, मॉइश्चरायझरचा ठिपका दाबा, ५ मिनिटं थांबा. दिवसाची वेळ असेल तर तिथे सनस्क्रीनही परत लावून वाळू द्या. मग फाउंडेशन ओल्या स्पंजने टेकवत लावा.

डोळे आणि ओठ

डोळ्यांखाली आय क्रीम दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. अनामिकेने हाडाच्या कडेकडेने थोपटा. जास्त झालं की कन्सीलर त्यावर तरंगतो आणि हसल्याबरोबर रेघांत जाऊन बसतो. लावून १० मिनिटं झाली तरी भाग चकाकत असेल तर टिश्यूने एकदा टिपा. पापणीवर क्रीम नको. काजळ आणि आयलायनर पसरण्यामागे बहुधा पापणीवरचं तेलच असतं.

ओठांना चेहरा धुतल्याबरोबर जाडसर बाम लावून ठेवा. लिपस्टिकच्या वेळेपर्यंत सालं मऊ होतात. मग ओल्या कापडाने हळूच पुसा. बाम न पुसता लिक्विड लिपस्टिक लावली तर ती वाळतच नाही आणि कडेने पसरते. निघालेली सालं दातांनी ओढू नका. रक्त आलं तर त्यावर रंग झोंबतो.

प्रायमर, आणि तयार झालं का ते बघणं

चेहऱ्यावरचं क्रीम नीट मुरलं असेल तर प्रायमर बऱ्याच जणांना लागत नाही. लावायचाच तर अर्ध्या वाटाण्याएवढा, जिथे गरज आहे तिथेच: रोमछिद्रं मोठी दिसतात तिथे, म्हणजे नाकाच्या दोन बाजू आणि कपाळाचा मधला भाग. तिथे दाबून भरा आणि एक-दोन मिनिटं सोडा. कोरड्या गालांवर मॅट प्रायमर म्हणजे संकटाला आमंत्रण.

आता बोटाचं टोक गालावर टेकवून उचला. त्वचा मऊ, किंचित गार लागली आणि बोट न चिकटता सुटलं, तर चेहरा तयार आहे. चिकटलं तर टिश्यूचा एक पदर चेहऱ्यावर ठेवून तळव्याने दाबा, ओढू नका, आणि २ मिनिटांनी परत बघा. बोट खरखरीत जागेवर अडलं तर तिथे ओल्या बोटाने मॉइश्चरायझरचा टिंब दाबा. चेहऱ्याची आग होत असेल, लाल चट्टे उठले असतील, तर मात्र सगळं धुऊन टाका, साधं मॉइश्चरायझर लावा आणि त्या दिवशी बेस नको. चट्टे टिकले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दुपारी कपाळ चमकायला लागलं की थेट पावडर लावू नका. तेलात मिसळलेली पावडर थर धरते आणि रंग गडद, मळकट दिसतो. आधी ब्लॉटिंग पेपर किंवा टिश्यू दाबून तेल उचला, मग लागेल तिथेच चिमूटभर पावडर टेकवा. उन्हात असाल तर सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लागतं. मेकअपवर ते चोळता येत नाही. आधी तेल टिपा, स्पंजवर सनस्क्रीन घ्या आणि गाल, नाक, कपाळ असं टेकवत जा.