अमेरिकी काँग्रेसच्या निवडणुकांचा इतिहास लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स असोत की पुरवणीतला लेख, अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या जुन्या निवडणुकांबद्दल लिहिताना बहुतेक घोळ एकाच कारणाने होतो. आजचे नियम थेट १७८८ पर्यंत मागे नेले जातात.

सगळ्यात महागात पडते ती सिनेटबद्दलची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाबद्दलची चूक. ‘लिंकन १८५८ मध्ये सिनेटची निवडणूक हरले’ असं वाचलं की वाटतं, इलिनॉयच्या मतदारांनी त्यांना नाकारलं. पण मतदारांनी लिंकन किंवा त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांना मत दिलंच नव्हतं. दोघांच्या सात वादसभा गाजल्या खऱ्या, मतं मात्र पडली ती राज्याच्या विधिमंडळासाठी उभ्या असलेल्या उमेदवारांना. त्यातही लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाची एकूण मतं जास्त होती! तरी विधिमंडळात बहुमत डेमोक्रॅटांकडे राहिलं आणि जानेवारी १८५९ मध्ये विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांना सिनेटवर पाठवलं. आपल्याकडे राज्यसभेसाठी आमदार मतदान करतात, तशीच ही पद्धत. आमदारांच्या मतदानात कोणालाच बहुमत मिळालं नाही तर जागा रिकामी राहायची. डेलावेअरच्या तर १९०१ ते १९०३ दोन्ही जागा रिकाम्या होत्या. अशा अनुभवांतूनच थेट निवडणुकीची मागणी वाढली, १९१३ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती झाली आणि १९१४ मध्ये सर्वसाधारण निवडणुकीत सिनेटर पहिल्यांदाच देशभर थेट जनतेने निवडले. त्याआधीच्या सिनेटच्या निकालावरून ‘जनतेचा कौल’ असं लिहिण्यापूर्वी मत कोणी दिलं ते तपासाच.

तारखांचंही तसंच. प्रतिनिधीगृहासाठी, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहासाठी, सगळ्या राज्यांनी एकाच दिवशी मतदान करावं हा कायदा १८७२ चा. त्याआधी राज्यं आपापली तारीख ठरवायची, आणि मेन राज्य तर १९५८ पर्यंत सप्टेंबरमध्येच मतदान करत राहिलं.

निवडून आल्याचं वर्ष आणि पद स्वीकारल्याचं वर्ष यांची गल्लत करू नका. काँग्रेसवर निवडून गेलेल्या पहिल्या महिला, मोंटाना राज्यातल्या जॅनेट रँकिन १९१६ मध्ये निवडून आल्या, सभागृहात बसल्या १९१७ मध्ये. दोन्ही वर्षं बरोबर आहेत. ‘१९२० पूर्वी अमेरिकेत महिलांना मताधिकार नव्हता’ हे सरसकट विधानही त्यांच्यापाशी अडतं, कारण मोंटानाने तो १९१४ मध्येच दिला होता.

जागांची तुलना करताना आकड्यांसोबत टक्केवारी द्या. पहिल्या प्रतिनिधीगृहात फक्त ६५ जागा होत्या. ४३५ चा आकडा १९१३ पासूनचा.

मराठी बातम्यांत हमखास दिसणारी आणखी एक चूक. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० मध्ये निवडून आले ते मिशिगन राज्याच्या प्रतिनिधीगृहात. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहासाठी त्यांची निवड २०२२ मध्ये झाली. दोन्ही सभागृहांचं नाव एकच, म्हणून राज्य की केंद्र हे प्रत्येक वेळी लिहा. आणि काँग्रेसमधले पहिले भारतीय वंशाचे खासदार ठाणेदार नव्हेत. कॅलिफोर्नियातून दलीपसिंग सौंद १९५६ मध्येच निवडून आले होते.