जुनी गाडी घेतली आणि आत घोळ निघाला? या चुका टाळा

ओळखीच्या ओळखीतून गाडी मिळाली, पैसे दिले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आठवड्याने मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवला, तर आतल्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ. कार्पेट उचललं, सीटच्या रुळांवर गंज. गाडी पुरातली!

अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे तडकाफडकी दुरुस्ती. वायरिंग बदललं, नवं कार्पेट टाकलं आणि बिल घेऊन विकणाऱ्याच्या दारात गेलात, तोवर पुरावा भंगारात गेलेला असतो. त्यात घोळ कळूनही महिनाभर गाडी फिरवलीत, तर ‘यांनी व्यवहार मान्यच केला होता’ असं समोरचा वकील म्हणणार. व्यवहार रद्द करून पैसे परत हवे असतील तर गाडी उभी करा. फोटो, व्हिडिओ काढा, सर्व्हिस सेंटरकडून सही-शिक्क्याचा तपासणी अहवाल घ्या.

दुसरी चूक, ‘ग्राहक मंचात खेचतो’ ही धमकी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात समोर व्यापारी किंवा सेवा देणारा लागतो. स्वतःची एकुलती एक गाडी विकणारा शेजारी त्यात बसत नाही. मधला माणूस गाड्यांचा धंदाच करत असेल, त्याने कमिशन घेतलं असेल, तर त्याच्याविरुद्ध तो रस्ता तपासायला हरकत नाही. मुदत दोन वर्षांची.

खरी मदार आहे ती १८७२ च्या भारतीय करार कायद्यावर. त्याच्या कलम १७ मध्ये घोड्याचं उदाहरण आहे. घोडा आजारी आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, पण तो गप्प बसतो. ही फसवणूक नाही! मात्र घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी धरतो’, आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा आजच्या हॅचबॅकलाही लागू पडतो. ‘अ‍ॅक्सिडेंट झालाय का? पाणी शिरलं होतं का?’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंच नसेल, तर केस लंगडी होते. विचारलं असेल आणि ‘नाही हो, एकदम क्लीन’ असं उत्तर आलं असेल, तर तो मेसेज सोन्यासारखा जपा. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. कोर्टात स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

‘साधं बघितलं असतं तरी कळलं असतं’ हा बचाव करार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, पण तो गप्प बसण्यापुरता आणि नकळत दिलेल्या चुकीच्या माहितीपुरता. गंजावर रंग मारला, मीटर मागे फिरवलं, म्हणजे मुद्दाम लपवलं, तिथे तो चालत नाही. ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली’ ही पावतीवरची ओळही मुद्दाम केलेल्या फसवणुकीवर पांघरूण घालू शकत नाही.

पोलीस तक्रार करता येते. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. पण ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. व्यवहाराच्या वेळीच फसवायचा इरादा होता हे दिसावं लागतं, आणि एफआयआरने पैसे आपोआप हातात येत नाहीत. माझ्या मते आधी वकिलाची नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळाल्याच्या पुराव्यासह. त्यात काय लपवलं, कधी कळलं आणि रक्कम किती हवी, हे नेमकं लिहा. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात समेटाचा प्रयत्न. नाहीच जमलं तर दिवाणी दावा. त्याला तीन वर्षं मिळतात. फसवणूक असेल तर ती कळल्यापासून, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर जेव्हा कळली असती तेव्हापासून.

समेट झाला आणि गाडी परत द्यायची ठरली, तर नुसती किल्ली देऊन येऊ नका. आरसी तुमच्या नावावर चढली असेल तर ती परत त्यांच्या नावावर करून घ्या. अपघात झाला तर भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीतला मालकच धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गाडी ताब्यात दिल्याची पावती घ्या, तारखेबरोबर वेळही लिहा.