कोल्हापुरात मटण सोडताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात शाकाहारी माणसं कमी नाहीत. हातकणंगले-शिरोळ पट्ट्यात जैन घरं आहेत, लिंगायत आहेत, गावोगाव माळकरी आहेत. जोतिबाला नैवेद्य जातो तो पुरणपोळीचा. त्यामुळं 'आपल्याकडं व्हेजवाल्याचं काय खरं नाही' हे बोलणं तितकंसं बरोबर नाही. माळकऱ्याला कुणी आग्रह करत नाही, जैन मित्राच्या ताटात कुणी रस्सा ओतत नाही. त्यांची जागा ठरलेली आहे. पंचाईत होते ती गेल्या रविवारपर्यंत नळी चोखणाऱ्याची. गळ्यात माळ नाही, घरात कुणी व्रत धरलेलं नाही, आणि हा म्हणतो मटण सोडलं. याला कुठल्या पंगतीत बसवायचं हे कुणालाच उमगत नाही. पुढच्या बहुतेक चुका या गोंधळातूनच होतात.

आखाडात जाहीर करणं

आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची यात्रा. पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातं, पी ढबाक हे वाद्य वाजतं आणि गल्लीगल्लीत मटणाची जेवणं उठतात. नेमक्या या दिवसांत मंडळाच्या कट्ट्यावर उभं राहून 'मी आजपासून बंद केलंय' म्हणणाऱ्याची कुणी गय करत नाही. श्रावण लागेपर्यंत रोज टिंगल.

मग श्रावणात सुरू करावं का? सुरुवातीला सोपं जातं, कारण सगळं घरच थांबलेलं असतं. गोची पुढं आहे. श्रावण संपला, गणपती गेले, की घरचे निवांतपणे तुमच्या ताटात वाढतात, कारण त्यांच्या लेखी तुमचा नेम पुरा झालेला असतो. श्रावणात सुरू करणार असाल तर गणपती बसायच्या आधीच घरात एकदा सांगून ठेवा की हे पुढंही चालणार आहे. सांगायचं घरच्यांना आणि रोज ज्यांच्यासोबत जेवता त्या दोन-चार जणांना. बाकीच्यांना ताटावर बसल्यावर आपोआप कळतं. स्टेटस ठेवायची गरज नाही.

'डॉक्टरांनी सांगितलंय' ही थाप

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महाग पडणारी. "मटण बंद केलंस? शुगर निघाली व्हय?" या प्रश्नाला मान डोलावली की त्या क्षणापुरती सुटका होते. आठवड्यात आत्तीचा फोन येतो, मामा कारल्याचा रस सुचवतात, आईला कुणीतरी बाजारात विचारतं. वर, तब्येतीचं कारण दिलं की लोकांना वाटतं हे तात्पुरतं आहे. महिन्याभरानं "आता बरा हायस न्हवं, घे की दोन फोडी" सुरू होतं, आणि तेव्हा तुमच्याकडं दुसरं उत्तर नसतं.

माळ न घालता 'माळ घातली' म्हणणं तर अजिबातच नको. माळेला पंढरीची वारी आहे, एकादशी आहे, दारू-खोटेपणा सोडणं आहे. ज्यांनी खरी घातली आहे त्यांना ते लागतं.

खरं कारण एका वाक्यात सांगा. "जनावर मारून खाणं मला नको वाटायला लागलंय." "खाऊन जड पडत होतं, सोडून बघतोय." एवढंच. लोक हसतील, पण वाद घालायला त्यांना पुढं काही मिळत नाही. लांबलचक कारण दिलं की त्यातल्या प्रत्येक मुद्द्यावर पंचायत बसते.

सोवळं मिरवणं

हे मला सगळ्यात जास्त खटकतं. मटण सोडून महिना झाला नाही तोवर काही जणांना वास सहन होईनासा होतो. ताट लांब सरकवायचं, भावजयीला "हात धुतलास का" विचारायचं, खाणाऱ्यांना हिंसेवर प्रवचन द्यायचं. आपल्याकडं काय खातो यावरून कोण वरचा कोण खालचा हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं गेलंय. 'लय सोवळा झालास काय' या टोमण्यामागं तो सगळा इतिहास उभा असतो, आणि बोलणाऱ्याचा राग खोटा नसतो. तुम्ही ताट बदललंय, जात बदललेली नाही, हे तुमच्या वागण्यातून दिसलं पाहिजे. शेजारी बसून जेवा. भांड्यांबद्दल तुमची काही मर्यादा असेल, म्हणजे वेगळी पळी हवी, वेगळं तेल हवं, तर ती शांतपणे सांगा. त्यात 'विटाळ' आणि 'घाण' हे शब्द आणू नका. मुलगा किंवा मुलगी बघायला जाताना तर हे फारच सांभाळावं लागतं. बायोडाटात नुसतं 'शाकाहारी' लिहिलं की समोरचं घर त्यातून भलतेच अर्थ काढतं. पहिल्या भेटीतच सांगून टाका: मी खात नाही, घरात शिजायला माझी हरकत नाही. किंवा आहे. जे खरं असेल ते.

घरातल्या बाईचं काम दुप्पट करणं

मटण सोडायचा निर्णय तुमचा आणि रविवारी दोन स्वयंपाक आईला किंवा बायकोला. बऱ्याच घरांत खरी कुरबूर या कारणानं होते, चवीच्या नावानं नुसती बाहेर पडते. 'माझ्यासाठी काहीतरी वेगळं कर' हे वाक्य जिभेवर येऊ देऊ नका.

कोल्हापुरी स्वयंपाकाची मांडणीच अशी आहे की वेगळं फार करावं लागत नाही. तांबड्या रश्श्याचा जीव वाटणात आणि चटणीत असतो. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस, आलं-लसूण-कोथिंबीर, आणि वर्षाची डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी. यातलं काहीच मांसाहारी नाही. मटण येतं ते अळणीच्या रूपानं, म्हणजे हळद-मीठ घालून शिजवलेल्या मटणाच्या पाण्यातून. म्हणून वाटण एकदाच करा, तेलात परतून तर्री सुटली की अळणी पडायच्या आधी त्यातलं दोन-तीन पळ्या छोट्या पातेल्यात काढून घ्या. त्यात उकडलेला मसूर, फ्लॉवर, वाटाणा, बटाटा, जे असेल ते, आणि गरम पाणी. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते तुम्ही करायचं.

सोयाबीनचे चंक्स घालणार असाल तर एक चूक हमखास होते. नुसते भिजवून टाकतात, मग रश्श्याला कच्चट वास मारतो. मिठाच्या पाण्यात उकळा, थंड पाण्यात धुऊन घट्ट पिळा, पुन्हा एकदा तसंच करा, आणि मग वाटणात थोडं दही घालून पाव तास मुरू द्या.

पांढरा रस्सा मात्र अवघड आहे, हे मान्य करावं लागेल. त्याची चव आणि दाटपणा बराचसा अळणीतून येतो. ती नसली की नारळाचं दूध नुसतं गोडसर पाणी लागतं. कांदा, आलं, फ्लॉवरचे दांडे उकळून गाळलेलं पाणी घ्या, काजू-खसखस-तीळ-मगजबीचं वाटण नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि तुपात लवंग-दालचिनी-वेलदोड्याची फोडणी. नारळाचं दूध शेवटी घालायचं आणि आच बारीक. खळखळून उकळलं की फाटलंच. मटणाच्या पांढऱ्या रश्श्यासारखा तो लागणार नाही. लागतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभं राहायचं काम आजवर तुमचं असेल, तर ते अचानक सोडून देऊ नका. कुठल्या दुकानात बकरं बरं मिळतं, मांडी किती, सीना किती, चाप किती, नळ्या वेगळ्या बांधून घ्यायच्या का, हे तुमच्या डोक्यात आहे, घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. एक तर आणत राहा, नाहीतर धाकट्या भावाला दोन रविवार सोबत नेऊन शिकवा. घरचं रविवारचं मटण तुमच्यामुळं चुकलं, तर तुमच्या तत्त्वाचं काय होईल ते सांगायला नको.

'व्हेज आहे का?' एवढंच विचारणं

खाणावळीत या प्रश्नाचं उत्तर कायम 'हो' असतं. मटणाच्या खाणावळीत व्हेज थाळी म्हणजे बहुतेक वेळा गोडसर लाल ग्रेव्हीतलं पनीर, आणि वाढपी सवयीनं पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं ठेवून जातो. नेमकं विचारा: "मामा, पांढरा कशाच्या पाण्यात केलाय?" आणि "तळायला तेल तेच काय?" कोल्हापुरातले वाढपी या प्रश्नाला चिडत नाहीत, सरळ सांगतात. "नुसता रस्सा घे की, फोड नको घेऊस" असंही प्रेमानं सांगतात.

त्यापेक्षा जागा बदला. मिसळ आहे, झुणका-भाकरी आणि खरडा आहे, भरलं वांगं आहे, कराड-इस्लामपूर रस्त्यावरच्या ढाब्यांचा अख्खा मसूर आहे. हे पदार्थ मुळातच बिनमटणाचे, कशाची नक्कल नाहीत, त्यामुळं जेवताना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. पॅकबंद वस्तूंवर चौकोनातला हिरवा ठिपका बघा. मांसाहारासाठी आता चौकोनात तपकिरी त्रिकोण असतो, आणि अंडं घातलेल्या केकवरही तोच.

पनीर, बटाटा आणि चहा

मटण काढलं आणि त्या जागी बटाटा आला, असं अनेकांचं होतं. वडा, मिसळीबरोबर चार जादा पाव, भडंग, संध्याकाळी भेळ. सहा महिन्यांनी वजन वाढतं आणि थकवा येतो, मग दोष शाकाहाराला. तालमीतल्या पोरांना तर पहिला प्रश्न हाच: मटणाशिवाय अंगात रग कुठनं येणार?

हिशेब करून बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागं रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण ५४ ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरीत १२ च्या आसपास, दोन वाट्या दाट आमटी-उसळीत १४, मोठा पेलाभर म्हशीच्या दुधात ९, मूठभर शेंगदाण्यांत ७. भात, दही धरलं की जवळपास पोचतोच. ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये एकट्यात २५ ग्रॅम आहेत. मेहनत करणाऱ्या पैलवानाला यापेक्षा बरंच जास्त लागतं. दूध, बदामाची थंडाई पैलवानाच्या खुराकात पहिल्यापासून आहेच, आणि गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं दूध समोर पिळून मिळतं. ते सोडू नका. कडधान्य मात्र रोज हवं, आठवड्यातनं दोनदा नव्हे.

लोहाची गोष्ट वेगळी. मटणातलं लोह शरीर सहज उचलतं, डाळी-पालेभाज्यांतलं तितकं सहज नाही. जेवताना लिंबू पिळलं, कच्चा टोमॅटो, पेरू असं क जीवनसत्त्वाचं काहीतरी असलं की ते बरंच सुधारतं. जेवण झाल्या झाल्या कटिंग चहा घेतला की बिघडतं. ही सवय मोडायला मटण सोडण्यापेक्षा जास्त त्रास होतो, विशेषतः दुकानात बसणाऱ्यांना. तासभर तरी थांबा. बायकांनी हिमोग्लोबिनवर जास्त लक्ष ठेवावं.

ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, ताक रोज पोटात जात असेल तर काही भाग निघतो. पण भारतातल्या शाकाहारी लोकांत याची कमतरता सर्रास आढळते. यकृतात साठा असतो, त्यामुळं मटण सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही, पण पुढं काही वर्षांत हातापायाला मुंग्या येऊ शकतात, विसरायला होऊ शकतं. वर्षातून एकदा रक्त तपासा, कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. दूधही सोडलं असेल तर तपासणीची वाट बघत बसू नका, पहिल्या महिन्यापासूनच गोळी घ्या.

जत्रेला न जाणं, पार्टीची वर्गणी न देणं

'तिथं सगळं मटणच असतंय, जाऊन काय करू' म्हणून म्हाईच्या, जत्रेच्या जेवणाला जायचं टाळलं की नाती तुटतात. दोन वेळा नाही गेलात की तिसऱ्यांदा बोलावणं येत नाही. 'जेवून येतो' हे तर यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखं आहे. आदल्या दिवशी फोन करा: "वहिनी, माझं माळकऱ्यांच्यात धरा." बहुतेक गावांत जत्रेला माळकऱ्यांसाठी, जैन पाहुण्यांसाठी गोडं, म्हणजे बिनमटणाचं, जेवण वेगळं शिजतंच. तिथं एक ताट वाढलं तर कुणाला जड नाही.

मित्रांच्या रानातल्या पार्टीत वर्गणीचा वाद ठरलेला. "मी खात नाही, मग अर्धी देतो" म्हटलं की तुम्ही शाकाहारी झालात हे लोक विसरतील, पण चिकट आहात हे लक्षात ठेवतील. पहिली एक-दोनदा पूर्ण द्या. नंतर ते स्वतःच म्हणतात. जाताना स्वतःचं छोटं पातेलं न्या आणि चुलीपाशी जाऊन बसा, वाटण परतायचं काम अंगावर घ्या. म्हणजे तुमच्या दोन पळ्या अळणी पडायच्या आधी निघतात, आणि खाणाऱ्यालाही चांगला रस्सा मिळतो. भात तुमच्या पातेल्यात आधी लावून टाका, एकदा मटणाच्या पळीनं भात ढवळला की पुढं बोलण्यात अर्थ नाही.

एवढं करून कधीतरी चुकून घास जाईलच. अंधारात, गडबडीत, बॅटरीच्या उजेडात दोन्ही रस्से सारखेच दिसतात. तिथं आरडाओरडा करून यजमानाचा जीव घाबरा करू नका. वाटी बाजूला ठेवा, पाणी प्या, कांदा-लिंबू आणि भाकरी घ्या. वाढणाऱ्याला नंतर बाजूला घेऊन सांगा. आणि घरी आल्यावर 'आता मोडलंच आहे तर' म्हणून दुसऱ्या दिवशी बिर्याणी मागवू नका.