मन शांत व्हावं म्हणून धडपडताना या चुका टाळा

छातीत धडधडायला लागलं की बरेच जण लगेच कपालभातीला बसतात. मीही बसले होते. दोन मिनिटांत ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडलेली, डोकं हलकं. वाटलं, आता काही आपलं खरं नाही. घाबरल्यावर श्वास आधीच भराभर चालतो. त्यात जोरजोरात हवा बाहेर टाकली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि मुंग्या येतात. तेव्हा करायचं नेमकं उलटं. नाकाने सहज श्वास घ्या आणि सोडायला जास्त वेळ लावा. ४ मोजून घेतला तर ६ मोजून सोडा. भ्रामरीत, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायच्या प्राणायामात, हे आपोआप साधतं, कारण गुणगुणताना श्वास सावकाशच सुटतो. (धडधड पहिल्यांदाच होत असेल, छातीत दुखत असेल, तर प्राणायाम नको, आधी डॉक्टर.)

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पुढच्या चुकीची. “योगा सुरू केलाय, आता गोळी कशाला?” असं म्हणून लोक नैराश्याची गोळी परस्पर बंद करतात. या गोळ्यांचा गुण यायलाच काही आठवडे लागतात. त्या एकदम सोडल्या तर चक्कर, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं, असा त्रास होऊ शकतो. आणि दुखणंही उलटू शकतं. आसनं जरूर करा, पण गोळी कमी कधी आणि किती करायची, ते मानसोपचारतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

उलट चूकही होते: प्रत्येक थकव्याला ‘टेन्शन’ म्हणायचं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं तर माणूस सुस्त, उदास होतो. जास्त झालं तर उगाच धडधडतं, हात थरथरतात.

डोळे मिटून बसलं की काहींना जुनं, नको ते आठवतं. त्यांनी हट्टाने बसू नये. डोळे उघडे ठेवून चालावं, किंवा मूठ ५ सेकंद घट्ट आवळून हळूहळू सैल सोडावी, मग खांदे, मग जबडा. एडमंड जेकबसन यांच्या स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीचं हे सोपं रूप आहे. आत्ता वाचतानाही दातांवर दात दाबलेले आहेत का, बघा.

समुपदेशकाकडे गेल्यावर आपण घडलेलं सगळं सांगतो, शरीराचं मात्र सांगायचं राहून जातं. “साहेबांचा फोन आला की पोटात गोळा येतो” एवढंच वाक्य सांगून बघा. तिथून बोलणं पुढे सरकतं. हे असं नेमकं केव्हा केव्हा होतं ते आठवडाभर वहीत लिहून नेलं तर फारच उत्तम. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगाचे परिणामसुद्धा प्रयोगशाळेत मोजून पाहिले. आपण निदान नोंद तरी ठेवू या.

आणि जगणं नको असे विचार येत असतील, तर श्वास मोजत एकटं बसू नका. घरातल्या कुणाला तरी जवळ बोलवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.