सिपचा मेसेज कसा वाचायचा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यात मी इंटरनेट फोन बसवले. रिंग वाजायची, पण उचललं की पलीकडचा आवाजच येईना. अशा वेळी आधी सिपचा मेसेज उघडा. सिप म्हणजे इंटरनेटवरचे कॉल जोडण्या-तोडण्याची पद्धत. पहिल्या ओळीत काम: इन्व्हाइट (कॉल लावा), बाय (कॉल संपवा), उत्तर असेल तर '२०० ओके' (मान्य). खाली हेडर, म्हणजे माहितीच्या ओळी: व्हाया (मेसेजचा मार्ग), फ्रॉम (कुणाकडून), टू (कुणाला), सीसेक (क्रमांक). कॉल-आयडी, म्हणजे कॉलची ओळख, हा हेडर सगळ्यात कामाचा, एका कॉलचे सगळे मेसेज त्यावरूनच जुळवता येतात. मग कोरी ओळ. हेडर तिथंच संपतात. त्याखाली एसडीपी: आवाज कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर पाठवायचा ते. आमच्या इन्व्हाइटमध्ये एसडीपीतल्या 'सी=' या पत्त्याच्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा, कारखान्याच्या नेटवर्कपुरता आतला पत्ता होता. बाहेरून तिथं आवाज पोहोचणार कसा? राउटरचा बाहेरचा पत्ता टाकला, आवाजाचे पोर्ट उघडले, आणि बोलणं सुरू झालं.